पत्र्याचं भांडं आणि एक पट्टी

प्रिय शुभदा,
सप्रेम नमस्कार.

जर्मन संशोधक आग्नेस पॉकेल्सला भांडी घासता घासता पाण्यावरच्या तवंगाचा शोध लागला, असं वर्गात सांगणार असलीस तर जरा थांब. खरकट्या पाण्यावरचा तवंग घरोघरी दिसतो. तिनं तो मोजला, आणि कसा मोजला हेच सांगण्यासारखं आहे.

70 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद, 2 सेंमी उंच पत्र्याचं भांडं पाण्यानं काठोकाठ भरायचं. त्यावर दीड सेंमी रुंदीची पत्र्याची पट्टी आडवी ठेवायची, खालची बाजू पाण्याला टेकलेली. पाणी काठापेक्षा खाली राहिलं तर पट्टी टेकतच नाही. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आक्रसतो, दुसरीकडचा पसरतो. किती, ते समोरच्या मोजपट्टीवर वाचायचं. पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग स्वतःला आवळून धरतो तो ताण, मोजायला 6 मिमी व्यासाची चकती पाण्याला टेकवायची आणि असमान भुजांच्या हलक्या तराजूवरचं वजन सरकवत न्यायचं. चकती सुटली की आकडा मिळाला. पट्टीखालून तवंग थोडा पलीकडे निसटतो, हा दोष तिनंच नोंदवलाय. मळाचा त्रास त्याहून मोठा. बोटाचं तेलसुद्धा निकाल बिघडवतं. म्हणून आधी पट्टीनंच पृष्ठभाग ओढून साफ करायचा.

तिला दिसलं ते असं: तवंग दाबत गेलं तरी ताण बराच वेळ शुद्ध पाण्याइतकाच राहतो, मग एका ठिकाणी एकदम घसरतो. तिथं रेणू एकमेकांना खेटतात. स्निग्धाम्लांसाठी (तेलातुपातली आम्लं) ती जागा रेणूमागे साधारण 20 चौरस आंगस्ट्रॉम; एक आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग.

जन्म व्हेनिसचा, 1862 चा. आयुष्य गेलं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये. तेव्हा विद्यापीठ मुलींना बंद. धाकटा भाऊ फ्रीडरिश गॉटिंगेनला भौतिकी शिकत होता, तो पुस्तकं पुरवायचा. आजारी आईवडिलांचं करता करता प्रयोग दहा वर्षं चालले. 10 जानेवारी 1891 ला तिनं इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. त्यांच्या पत्नीनं भाषांतर केलं, रॅलेंनी ते 'नेचर' या विज्ञानपत्रिकेकडे धाडलं आणि 12 मार्चला छापूनही आलं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लँगम्युरनं 1917 मध्ये हेच साधन सुधारून वापरलं. 1932 मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानं सत्तर वर्षांच्या आग्नेसला मानद डॉक्टरेट दिली. फार उशिरा, असं मला वाटतं.

वर्गात करून बघायचं तर कापराची चिमूट घे. स्वच्छ पाण्यावर कण गरगर फिरतात, तेलाचा थेंब पडला की निपचित होतात. पाणी साफ करायला पट्टी वापरलीस तर ती फडक्यानं पुसू नकोस, फडक्याचं तेल लागेल.

तुझी,
मीना