छाट काढा, पण माणसाकडे बघून

महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळच्या वेळी कुठल्याही विडी कारखान्याच्या शाखेपुढे जरा उभं राहावं. जुड्यांच्या पिशव्या घेऊन बायका ओळीनं थांबलेल्या असतात. पानं भिजवायची, माप ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची. आणि हे सगळं स्वयंपाक, पाणी, पोरांची शाळा सांभाळून. मजुरी हजार विड्यांवर. एवढं करून खिडकीपाशी पोचलं, की तपासणारा मान वर करत नाही. जुडी उचलतो, विडी दाबून बघतो, छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, बाजूला फेकतो आणि म्हणतो, "पुढची."

माझ्या शेजारच्या अक्का कित्येक वर्षं हेच काम करतात. मजुरी कमी पडते ही त्यांची तक्रार आहेच, आणि त्यासाठी संघटना भांडतातही. पण संध्याकाळी ओट्यावर टेकल्या की त्यांच्या तोंडी दुसरंच दुखणं येतं. "छाट काढ बाबा, पण काय चुकलं ते तरी सांग की! भिंतीशी बोलल्यागत नुसतं पुढची, पुढची." पूर्वी एक तपासनीस "अक्का, औंदा पानंच फार कोरडी आलीत बघा," असं म्हणायचा. छाट तोही काढायचाच. तरी त्याचं नाव अक्का अजून मायेनं घेतात.

मला ही किरकोळ बाब वाटत नाही. कष्टानं दमलेला माणूस रात्रीच्या झोपेनं उभा राहतो. आपण असलो काय, नसलो काय, कुणाला फरक पडत नाही, हे रोज जाणवत राहिलं की मात्र तो आतून खचतो. १९६६ च्या कायद्यानं विडी कामगारांना हक्क मिळाले, १९७६ च्या कल्याण निधीतून दवाखाने आणि मुलांना शिष्यवृत्त्या आल्या. हे मोलाचं आहे. अक्कांच्या ओळखपत्रावर त्यांचं नाव आणि फोटो आहे, पण खिडकीवर त्या नावानं हाक मारायला कुणी तयार नाही.

मान राखणं या गावाला नवीन नाही. ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, त्यांचे मानकरी ठरलेले असतात आणि एवढी गर्दी त्यांना वाट करून देते. स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना हे शहर आजही विसरलेलं नाही. मग विड्या घेऊन आलेल्या बाईला दोन शब्द बोलायला आपल्याला जड का जावं?

कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. बाईला नावानं बोलवा, छाट तिच्यासमोर कारण सांगून काढा, उन्हाळ्यात ओळीवर सावली आणि बसायला बाक असू द्या. आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक सांगणं आहे. मोर्चाच्या बातमीत या बायकांचा फोटो 'महिला कामगार' एवढ्यावर छापला जातो. पुढच्या वेळी बातमीदारानं त्यांच्यातल्या दोघी-तिघींना गाठून, त्यांची तयारी असेल तर, त्यांचं म्हणणं त्यांच्या नावानिशी छापावं.

आपला,
पूर्व भागातील एक वाचक, सोलापूर