रॉबर्ट बॉल्डची आठवण

महोदय,

औद्योगिक क्रांती म्हटली की वाफेच्या इंजिनांचे गोडवे गायले जातात. रॉबर्ट बॉल्डचे नाव मात्र कुणी घेत नाही. हा स्कॉटलंडमधल्या अलोआचा खाण अभियंता. १८०८ मध्ये कोळशाच्या व्यापारावर पुस्तक लिहिताना त्याने खाणीत कोळसा वाहणाऱ्या बायकांच्या हालांची चौकशीही त्याला जोडली. पाठीवर सुमारे ७७ किलोंचे ओझे, आतल्या चढणीवर १५० यार्डांची चाल, मग ११७ फूट जिना. अशा दिवसाला २४ खेपा! खाणमालकांच्याच पदरी असलेल्या माणसाने हे छापायचे, म्हणजे छाती हवी. बायकांना जमिनीखाली राबवण्यावर कायद्याने बंदी आली ती थेट १८४२ मध्ये. तोपर्यंत बॉल्ड साठी ओलांडून गेला होता.

— एक वाचक, चंद्रपूर