स्टार छापता, मग डमीचा रिपोर्ट पण छापा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत नव्या गाडीच्या क्रॅश टेस्टची बातमी आली की चेपलेल्या बॉनेटचा फोटो, खाली ५ स्टार, संपली बातमी. आत बसवलेल्या डमीचं (माणसाच्या मापाच्या पुतळ्याचं) काय झालं त्यावर एक ओळ नाही. अहो टेस्ट त्याच्यासाठीच तर असते!

भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळवून त्यांना सुरक्षिततेचे स्टार देणारी आपली सरकारी योजना, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. समोरच्या टेस्टमधे गाडी ताशी ६४ किमीने आदळवतात, तीही पूर्ण नाही, ड्रायव्हरच्या बाजूचा ४० टक्के भागच. डमीच्या डोक्यात तीन दिशांचे ॲक्सेलरोमीटर (वेग किती झटक्यात बदलला ते मोजणारे), छातीतही तसेच, शिवाय बरगड्या किती मिमी आत दबल्या ते मोजायला वेगळा सेन्सर, मानेत आणि मांडीत किती जोर पडला ते मोजणारे लोडसेल. सगळा खेळ सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात आटोपतो म्हणून रीडिंग सेकंदाला १० हजार वेळा किंवा त्याहून जास्त घेतात, नाहीतर डोक्याला बसलेला झटका दोन रीडिंगच्या मधूनच निसटायचा.

आपल्याकडे शोरूममधे लोक दारावर टिचकी मारून बघतात, पत्रा जाड म्हणजे गाडी दणकट. पण पुढचा भाग नीट चेपलाच नाही तर तो दणका आतल्या माणसाला बसतो, आणि ते टिचकीला कळत नाही, डमीच्या छातीतल्या सेन्सरला कळतं.

बरं यात लपवाछपवी काही नाही. रिपोर्टमधे डमीचं चित्रच असतं, डोकं, छाती, गुडघे, नडगी, प्रत्येकाला हिरवा, पिवळा, लाल असा रंग. ५ स्टारला मोठ्यांच्या सुरक्षेचे ३२ पैकी किमान २७ आणि मुलांच्या सुरक्षेचे ४९ पैकी किमान ४१ मार्क लागतात, म्हणजे दोन ५ स्टार गाड्यांत एकीची छाती हिरवी नि दुसरीची पिवळी असू शकते, आणि ज्याच्या घरी म्हातारे वडील पुढच्या सीटवर बसतात त्याला हा फरक कळायला नको का, त्या वयात बरगडी मोडायला कितीसा वेळ लागतो. (पुढची डमी ७८ किलोच्या पुरुषाच्या मापाची असते, आमच्या घरातल्या बायका त्यात कुठे बसतात देव जाणे, पण त्यावर वेगळं पत्र लिहीन.)

अर्धा कॉलम पुरेल हो. सनरूफ केवढं आणि टचस्क्रीन किती इंची हे तर तुम्ही दर वेळी रंगीत चौकटीत छापताच.

– एक वाचक, चिंचवड