आखडलेले कोपर आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

महोदय,

गेल्या वर्षी घसरून पडल्याने माझ्या पत्नीचे कोपर मोडले आणि दीड महिना प्लास्टरमध्ये राहिल्यावर ते असे आखडले की, वेणी घालणे तर दूरच, घास तोंडाशी नेण्यासाठी तिला मान वाकवावी लागे. आम्ही हाडवैद्याकडून जोर लावून मालिश करून घेतले, ही मोठी चूक ठरली. अशा ओढाताणीने सूज वाढते आणि सांध्याभोवतीच्या स्नायूंत नको तिथे हाड तयार होण्याचा धोका असतो, हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते.

रोजच्या बहुतेक कामांसाठी कोपर साधारण ३० ते १३० अंशांपर्यंत (हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश) हलावे लागते. अनेक महिने व्यायाम करूनही तेवढी हालचाल परत येत नसेल, तर लहान छिद्रांतून दुर्बीण घालून सांध्याचे घट्ट झालेले आवरण मोकळे करता येते आणि अडणारे हाड तासता येते. मात्र कोपराला धक्का लागताच झिणझिण्या आणणारी नस आतल्या बाजूला अगदी लगत असल्याने हे काम त्यात मुरलेल्या शल्यविशारदाचेच आहे, आणि प्रत्येक कोपर दुर्बिणीने सुटते असेही नाही. शस्त्रक्रियेनंतर लगेच व्यायाम सुरू केला नाही, तर सांधा पुन्हा आखडू शकतो. अशी शस्त्रक्रिया झाल्यावर पत्नीने हा व्यायाम डोळ्यांत पाणी आणून केला. आता ती स्वतःची वेणी स्वतः घालते.

प्लास्टर काढतानाच प्रत्येक रुग्णाला फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्याची सक्ती सरकारी रुग्णालयांत व्हावी, ही आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा