प्रश्न रुग्णाला विचारा, घरच्यांना नको

महोदय,

कर्करुग्णांच्या जीवनमानाच्या, म्हणजे आजारात रोजचे जगणे कसे चालले आहे हे विचारणाऱ्या, प्रश्नावल्यांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. ‘रुग्णाला जमत नसेल तर घरच्यांनी उत्तरे दिली तरी चालते’, असे त्यात लिहिले आहे. मुळीच चालत नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या तोंडाचे ऑपरेशन झाले, पाठोपाठ रेडिएशन. फेरतपासणीला गेलो तेव्हा ओपीडीबाहेरच्या बाकावर एक मुलगी अशाच प्रश्नावलीचा मराठीतला फॉर्म घेऊन आली. ती भराभर प्रश्न वाचत होती आणि उत्तरे माझा भाचा देत होता. घरच्यांसमोर जेवताना त्रास होतो का? ‘नाही, पप्पा सगळं खातात.’ तिने ‘अजिबात नाही’वर खूण केली. दादा गप्प बसून होता. घरी तो सगळ्यांची जेवणे उरकल्यावर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो आणि मिक्सरमधून काढलेला वरणभात चमच्याने गिळतो. ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ येतो, तो नातवाला दिसू नये म्हणून. पैशांच्या अडचणीलाही भाच्याने ‘नाही’च सांगितले. वहिनीच्या पाटल्या मोडल्याचे त्याला ठाऊकच नाही, आणि त्याच्या देखत दादा ते कसे बोलणार?

जेवणाचा तो प्रश्न कोणा तज्ज्ञाला बसल्या जागी सुचलेला नाही. ईओआरटीसी या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या युरोपीय संस्थेची ३० प्रश्नांची मूळ प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली. डोके-मानेच्या कर्करोगासाठी तिला आधी ३५ प्रश्नांची जोड होती, आता सुधारित जोड ४३ प्रश्नांची आहे. असे प्रश्न तयार करताना आधी रुग्णांशी बोलतात, मग वाक्ये बांधतात, पुन्हा रुग्णांपुढे ठेवून कोणता कळला नाही, कोणता मनाला लागला, ते विचारतात. एवढे करून आपण तो कागद बाकावर मुलाकडून भरून घेतो!

पुढे तो फाइलला लागला. डॉक्टरांनी पाहिलाही नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात ७६६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ज्यांनी आपला त्रास स्वतः संगणकावर नोंदवला आणि तो वाढताच नर्सला सूचना गेली, त्यांच्यातले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून जास्त जगले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत हाच आकडा २६ महिने. कोणीतरी वाचले, म्हणून हा फरक पडला असावा.

रुग्णाला बाजूला घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, बोलता येत नसेल तर चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवू द्या. आणि डॉक्टरांनी तपासण्याआधी तो कागद पाहावा. यापलीकडे काही मागणे नाही.

जाता जाता, लेखाच्या खालीच ‘कॅन्सर मुळासकट बरा’ करणाऱ्या चूर्णाची जाहिरात होती. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ती जाहिरात कोणी घेतली आणि पुन्हा छापणार का, याचा खुलासा आपल्याच अंकात करावा.

– एक वाचक भगिनी, सातारा