प्लेऑफचा नियम ऑगस्टमध्येच सांगा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा नागपूरचा, एकवीस वर्षं झाली फ्लोरिडात ऑर्लँडोला राहतोय, पण सकाळच्या चहाबरोबर तुमचा पेपर फोनवर वाचायची सवय काही सुटली नाही. मध्यंतरी तुमच्या क्रीडा पानावर इथल्या कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफवर, म्हणजे सीझनच्या शेवटी चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीवर, एक छोटी चौकट आली होती. वाचून आनंद झाला, कारण या खेळाबद्दल मराठीत फारसं कोणी लिहितच नाही. पण त्यात एक वाक्य होतं की १३ जणांची कमिटी देशातल्या सगळ्यात चांगल्या १२ टीम निवडते. ते काही मला पटलं नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंड्याच्या आकाराचा बॉल हातात घेऊन पळतात तो. वरच्या गटात १३० च्या वर कॉलेजं आहेत आणि एका टीमला सीझनमध्ये मॅच मिळतात १२, फार तर १३. म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून कॉलेजांचे गट आहेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. एसईसी आणि बिग टेन या दोन सगळ्यात श्रीमंत, त्यांच्या खालोखाल एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह, मग बाकीच्या छोट्या. २०१४ ला प्लेऑफ सुरू झाला तेव्हा चारच जागा होत्या, २०२४ पासून १२ झाल्या. २०२४ आणि २०२५ या दोन सीझनमध्ये त्यातल्या पाच जागा कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांना होत्या, म्हणजे जिंकणाऱ्यांमध्ये ज्यांचं रँकिंग वर त्या पाच जणांना, आणि उरलेल्या सात रँकिंगप्रमाणे. आता हे रँकिंग कोण ठरवतं, तर तीच कमिटी. टेक्सासमध्ये ग्रेपव्हाइनला एका हॉटेलात बसून हे लोक याद्या करतात. आपल्या कॉलेजचा विषय निघाला की तो माणूस खोलीबाहेर जातो, एवढी काळजी ते घेतात, आणि मी कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की कशावरून निवडणार ते सीझन सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्ये सांगा, आणि डिसेंबरमध्ये तेच पाळा.

मला हे कधी लागलं ते सांगतो. २०१७ ला माझी मुलगी इथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाला, म्हणजे यूसीएफला, पहिल्या वर्षाला होती. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला, शेजारच्याच साउथ फ्लोरिडाबरोबर मॅच होती, तिने आम्हा दोघांना ओढून नेलं. त्या स्टेडियमला लोक बाउन्स हाउस म्हणतात, कारण सगळे एकदम उड्या मारायला लागले की स्टँड खरोखर हलतात, पायाखालचा अॅल्युमिनियमचा पत्रा थरथरतो, माझी बायको तर पहिल्यांदा घाबरून कठडा धरून बसली. शेवटी शेवटी समोरच्यांनी ४२-४२ करून टाकले, दोन मिनिटंही उरली नव्हती, आमच्या पुढच्या रांगेतला एक पोरगा डोकं धरून खालीच बसला, आणि त्याच्या पुढच्याच किकऑफवर, म्हणजे पॉइंट झाल्यावर समोरच्यांनी मारलेल्या किकवर, आमच्या माइक ह्यूजने बॉल घेतला आणि जो पळत सुटला तो ९५ यार्ड, थेट शेवटपर्यंत. ४९-४२. तो पोरगा उठून मला, अनोळखी माणसाला, मिठी मारून रडत होता. पुढच्या आठवड्यात मेम्फिसला डबल ओव्हरटाइममध्ये ६२-५५ ने हरवून कॉन्फरन्सही जिंकली. हीच टीम दोन वर्षांपूर्वी, २०१५ ला, बारापैकी बाराच्या बारा मॅच हरली होती. आता एकही हरली नव्हती.

आणि कमिटीने कितवा नंबर दिला? बारावा. तेव्हा जागा चार, त्यामुळे विषयच संपला. कारण सांगितलं की यांचं शेड्यूल सोपं होतं. अहो पण शेड्यूल काय त्या पोरांनी बनवलं होतं का? मोठ्या कॉन्फरन्सवाले छोट्यांच्या मैदानावर खेळायला सहसा येत नाहीत, आणि मग तुम्ही मोठ्यांशी खेळला नाहीत म्हणून छोट्यांना खाली ठेवायचं. १ जानेवारी २०१८ ला अटलांटात पीच बोलमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या एका मानाच्या मॅचमध्ये, यूसीएफसमोर आली ऑबर्न, एसईसीतली टीम, जिने त्याच सीझनमध्ये अलाबामाला हरवलं होतं आणि जॉर्जियालाही. यूसीएफने ऑबर्नला ३४-२७ ने हरवलं. त्या दिवशी शकीम ग्रिफिन नावाचा पोरगा काय खेळला, डाव्या हाताचा पंजा लहानपणीच काढावा लागलेला, एका हाताने समोरच्यांना आडवे पाडत होता. आणि फायनलला कोण होतं? अलाबामा आणि जॉर्जिया, दोन्ही एसईसी. अलाबामा तर आपल्या कॉन्फरन्सच्या फायनललाही पोचली नव्हती. तरीही तिला चौथी जागा मिळाली आणि ती चॅम्पियन झाली, आणि ज्या टीमला कोणी हरवूच शकलं नाही ती घरी. डिस्ने वर्ल्डमध्ये यूसीएफची परेड काढली, आम्हीही गेलो होतो, मुलगी खूश होती, पण परतताना गाडीत म्हणाली, बाबा, यांनी आणखी काय करायला हवं होतं? मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

त्यानंतर मी दरवर्षी बघतोय, आणि दरवर्षी कारण बदलतं. २०१४ ला टीसीयू तिसऱ्या नंबरवर होती, शेवटची मॅच ५५-३ ने जिंकली आणि जिंकून सहाव्यावर गेली, कारण ओहायो स्टेटने कॉन्फरन्सची फायनल ५९-० ने जिंकली होती. ठीक आहे, म्हणजे कॉन्फरन्स जिंकणं महत्त्वाचं, असं आपण समजायचं. मग २०२३ ला फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ जिंकली, एसीसीची चॅम्पियन झाली, तर म्हणे त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचं आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडलाय, आता ती टीम पूर्वीसारखी राहिली नाही. आणि एक मॅच हरलेली अलाबामा आत. मोठ्या कॉन्फरन्सची चॅम्पियन, एकही मॅच न हरलेली, आणि तरी प्लेऑफमधून बाहेर, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आणि गंमत नाही, दुःख सांगतो, २०१४ ला ओहायो स्टेट तिसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकला घेऊन आली होती, पहिले दोघं जखमी, आणि तीच टीम शेवटी चॅम्पियन झाली. मग दुखापतीचा नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक का? ट्रॅव्हिसने नंतर लिहिलं की माझा पाय सीझनमध्ये आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, माझ्याशिवायही ही टीम काय आहे ते तरी लोकांना दिसलं असतं. तेवीस वर्षांच्या पोराला हे लिहावं लागतं, संपादक साहेब.

आता २०२५ बघा. मायामीने ऑगस्टच्या शेवटी नोत्र दामला २७-२४ ने हरवलं. दोघांचेही शेवटी १० विजय, २ पराभव. तरी आठवड्यामागून आठवडे कमिटी नोत्र दामला वर ठेवत राहिली. शेवटच्या वीकेंडला दोघंही खेळले नाहीत, घरी बसून टीव्ही बघत होते, आणि रविवारी दुपारी मायामी वर, नोत्र दाम बाहेर. कारण असं की रँकिंगमध्ये या दोघांच्या मध्ये असलेली बीवाययू ही टीम खाली घसरली, त्यामुळे आता या दोघांची तुलना शेजारी शेजारी झाली आणि ऑगस्टची मॅच मोजली. माझ्या मते मायामीलाच जागा मिळायला हवी होती, ज्याने हरवलं त्याचा हक्क पहिला, पण मग ते नोव्हेंबरमध्येच का नाही? मायामी पुढे फायनलपर्यंत गेली, म्हणजे कमिटीने इतके दिवस जिला बाहेर ठेवलं होतं ती टीम. त्याच वीकेंडला अलाबामा एसईसीची फायनल २८-७ ने हरली आणि नवव्या नंबरवर तशीच राहिली. बीवाययू बिग ट्वेल्व्हची फायनल ३४-७ ने हरली आणि एक पायरी खाली आली. बीवाययूचे पराभव दोन, अलाबामाचे तीन. दोघीही वाईट हरल्या, मग एकीला फरक पडतो आणि दुसरीला नाही हे कसं? एसईसीच्या पाच टीम आत आल्या.

इथे मला आपली रणजी आठवते. २०२४-२५ ची रणजी फायनल आमच्या जामठ्याला झाली, विदर्भ आणि केरळ, माझा भाऊ रोज तिथे जाऊन बसत होता आणि मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवत होता. केरळ तिथपर्यंत कसं आलं माहितीये? क्वार्टर फायनलला जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात एका रनची आघाडी, २८१ विरुद्ध २८०. सेमीफायनलला गुजरातवर दोन रनांची, ४५७ विरुद्ध ४५५, शेवटची विकेट तर शॉर्ट लेगच्या हेल्मेटला लागून उडालेल्या बॉलवर पडली. आणि फायनल ड्रॉ झाली, पहिल्या डावातल्या ३७ रनांच्या आघाडीवर विदर्भ चॅम्पियन. गुजरातवाल्यांना किती वाईट वाटलं असेल, पण कोणी म्हणालं नाही की आमच्यावर अन्याय झाला, कारण ड्रॉ झाली की पहिला डाव बघतात हे पहिल्या मॅचच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. ग्रुपमधले वरचे दोन पुढे जाणार हेही माहीत होतं. मुंबईची टीम मोठी आहे, नावं मोठी आहेत, म्हणून तिला कोणी एक पॉइंट जास्त देत नाही.

आणि लांब कशाला जायचं, याच कॉलेजांचा बास्केटबॉल घ्या. मार्चमध्ये स्पर्धा होते, २०२६ ला ती ६८ टीमची होती, त्यात प्रत्येक कॉन्फरन्सच्या चॅम्पियनला जागा असतेच, मग ती कितीही छोटी असो. उरलेल्या जागा तिथेही कमिटीच देते, त्यावर भांडणं होतातच. पण दार सगळ्यांना उघडं आहे. २०१८ ला यूएमबीसी नावाच्या कॉलेजने, ज्याचं नाव अर्ध्या अमेरिकेला माहीत नव्हतं, पहिल्या नंबरच्या व्हर्जिनियाला ७४-५४ ने धुतलं. फुटबॉलच्या पद्धतीने निवडलं असतं तर यूएमबीसी त्या कोर्टवर उभीच राहिली नसती.

विरोधी बाजूचं म्हणणं मला माहीत आहे, ऑफिसात रोज ऐकतो. छोट्यांना घेतलं की एकतर्फी मॅच होतात. २०२५ ला टुलेन ४१-१० ने हरली, जेम्स मॅडिसन ५१-३४ ने, फ्लोरिडा स्टेट तर २०२३ च्या ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाकडून ६३-३. शेवटच्या आकड्याबद्दल एवढंच सांगतो की प्लेऑफमधून काढल्यावर त्यांचे बरेच महत्त्वाचे खेळाडू त्या मॅचला उतरलेच नव्हते. आणि मोठे एकतर्फी हरत नाहीत का? २०२४ ला टेनेसी ४२-१७ ने हरली, २०२५ ला अलाबामा इंडियानाकडून ३८-३ ने. तेव्हा कोणी म्हणालं नाही की एसईसीच्या जागा कमी करा.

इंडियानाचं तर विशेष. २०२३ ला ती टीम १२ पैकी ९ मॅच हरली होती. मग कोच कर्ट सिग्नेटी आले, कुठून आले तर त्याच जेम्स मॅडिसनमधून, येताना तिथले काही खेळाडू घेऊन, आणि २०२५ चा सीझन इंडियानाने एकही मॅच न हरता जिंकला, चॅम्पियन झाले. हाच कोच आणि हीच पोरं जेम्स मॅडिसनच्या जर्सीत प्रत्येक मॅच जिंकली असती तर त्यांना कितवा नंबर मिळाला असता? यूसीएफचा बारावा मला अजून आठवतो.

यात पैसा आहेच. २०२४ आणि २०२५ ला पहिल्या राउंडला नुसतं पोचलं तरी त्या टीमच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळत होते, पुढे गेलं की आणखी. २०२६ पासूनच्या टीव्ही करारात बिग टेन आणि एसईसी मिळून निम्म्याहून जास्त पैसा घेणार. २०२५ ला बिग टेनकडून प्रस्ताव आला होता की प्लेऑफ वाढवा आणि आम्हा दोघांना प्रत्येकी चार जागा पक्क्या, एसीसी आणि बिग ट्वेल्व्हला दोन-दोन. म्हणजे खेळायच्या आधीच जागा वाटून घ्यायच्या. श्रीमंत कॉलेज चांगले कोच घेतं, चांगले खेळाडू घेतं, ते मी समजू शकतो, पण जागाही आधीच घेतली तर बाकीच्या शंभर कॉलेजांतल्या पोरांनी उन्हातान्हात प्रॅक्टिस कशासाठी करायची? इथे ऑगस्टमध्ये दुपारी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही, त्या उन्हात ही पोरं हेल्मेट आणि पॅड घालून पळतात.

मला विचाराल तर प्रत्येक कॉन्फरन्सच्या चॅम्पियनला जागा द्या, बास्केटबॉलसारखी. दहा कॉन्फरन्स आहेत, १६ टीमचा प्लेऑफ केला तरी सहा जागा उरतात. त्या सहा एका ठरलेल्या हिशोबाने भरा: विजय किती, कोणाविरुद्ध, कोणाच्या मैदानावर, आणि दोघं आपसात खेळले असतील तर कोण जिंकलं. हिशोब आधी छापा, म्हणजे घरात बसून कोणालाही मांडता येईल. पूर्वीही, २०१३ पर्यंत, कॉम्प्युटरचा हिशोब होता आणि त्यातही चुका झाल्या, २००४ ला एकही मॅच न हरलेली ऑबर्न फायनलबाहेर राहिली होती. पण तेव्हाही दोन तृतीयांश वजन लोकांच्या मतांनाच होतं. हिशोबही चुकू शकतो हे मला मान्य आहे, पण ऑबर्नला जो लागू तोच यूसीएफला लागू, आणि मॅच संपल्यावर तो बदलता येणार नाही.

एक विनंती आहे. पुढच्या डिसेंबरमध्ये प्लेऑफची बातमी द्याल तेव्हा निवडलेल्या टीमच्या खाली बाहेर राहिलेल्या पहिल्या चार टीमही छापा, किती जिंकल्या, किती हरल्या आणि कोणत्या कॉन्फरन्सच्या, एवढं प्रत्येकीपुढे लिहा. चार ओळींची जागा लागेल.

आपला वाचक,
ऑर्लँडो, फ्लोरिडा (मूळ गाव नागपूर)