सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह म्हणजे सिकलसेलचा रुग्ण नव्हे

संपादक महोदय,

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणी शिबिरांच्या बातम्यांत ‘अमुक इतके रुग्ण आढळले’ असे सर्रास छापून येते. शिबिरात होते ती बहुधा सोल्युबिलिटी चाचणी. रक्त मिसळलेले द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की पॉझिटिव्ह. रक्तात हिमोग्लोबिन-एस (सिकलसेलचे सदोष हिमोग्लोबिन) आहे, एवढेच त्यातून कळते. माणूस वाहक (एएस, सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेले) की रुग्ण (एसएस, दोघांकडून आलेले), हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्यांनीच ठरते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात हिमोग्लोबिन-एफ (गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन) भरपूर असल्याने ही चाचणी चुकून निगेटिव्हही येते.

अणू, रेणू, पेशी, ऊती, अवयव ही उतरंड शाळेत पाठ करून आपण विसरतो. सिकलसेलमध्ये ती तळापासून हलते. हिमोग्लोबिन हे प्रथिन; त्याच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ अमिनो आम्ले (प्रथिनाचे घटक) असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, बाकीची १४५ जागच्या जागी. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, पाण्याशी त्याचे जमते; व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरते. त्यामुळे ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ तंतू होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी केशवाहिन्यांत अडकल्या की हाडांत असह्य कळा येतात. प्लीहा लहानपणीच निकामी होते, म्हणून न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्धची लस टाळू नये. पेशीतले पाणी घटले की हिमोग्लोबिन दाट होऊन तंतू लवकर बनतात. उन्हाळ्यात, तापात, जुलाबात पाणी पीत राहा म्हणतात ते यासाठीच.

सर्वांत मोठी गफलत लोहाच्या गोळ्यांची. इथे रक्त कमी असते ते १२० दिवस टिकणारी पेशी १०-२० दिवसांत फुटते म्हणून. फुटलेल्या पेशीतले लोह शरीरातच राहते, शिवाय वारंवार रक्त चढवलेल्यांच्या यकृतात ते साठत जाते. तेव्हा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासल्याशिवाय लोह सुरू करू नये. नव्या पेशी बनवायला लागते ते फॉलिक आम्ल. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने हिमोग्लोबिन-एफ वाढते आणि तंतू जुळण्यात अडथळा येतो. मात्र मधूनमधून रक्तपेशींची मोजणी हवीच.

वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. पहिले आजारी निघाले म्हणून पुढची तिन्ही सुटली, असे होत नाही. बातमीत वाहक आणि रुग्ण यांचे आकडे वेगळे द्यावेत, ही विनंती.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, चंद्रपूर